भविष्यकाळाची पंधरा वाक्यं

नानांना कुणी सरळ प्रश्न विचारला की ते आधी आभाळाकडे बघत, मग उजव्या पायातली वहाण काढून पुन्हा घालत आणि म्हणत, "पाहू." केळीचा व्यापारी विचारायचा, घड कधी कापायचे? पाहू. मामा विचारायचे, दिवाळीला बहिणीला माहेरी पाठवता का? पाहू. गावच्या पोस्टमननं एकदा नुसतं विचारलं होतं, नाना, उद्या घरी आहात का, तर त्यालाही पाहू. नाना म्हणजे माझे वडील. असोद्याला गावाबाहेर आमचा केळीचा मळा होता, त्याच्या कडेनं कपाशी आणि बांधाला लागून वांग्याच्या दहा-बारा ओळी. घरात नाना, माय, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी अक्का आणि मी, असे चौघंच. मला सगळे बेबी म्हणत. आता साठीच्या उंबरठ्यावरही असोद्यात मी बेबीच आहे, त्याला इलाज नाही.

आमच्या घरात पुढचं बोलायचं नाही, असा नियम होता. बाग निसवली, केळफुलं बाहेर पडली, की तिच्याकडे बोट दाखवायचं नाही. घड कापून ट्रकमध्ये चढेपर्यंत 'यंदा बरं पिकलं' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. बाहेर निघालेल्याला 'कुठं चालला' विचारायचं नाही, नाट लागते. मायचे नियम तर नानांच्याही वरचे. उन्हाळ्यात बायका पापड लाटायला बसल्या आणि एखादीनं 'किती होतीन गं?' म्हटलं की माय लाटणं उगारायची. गावाला जायचं असलं तर पिशवी त्याच दिवशी सकाळी भरायची, आदल्या संध्याकाळी भरलेली पिशवी म्हणजे एस्टी चुकवायची तयारी. मला तर पुष्कळदा आम्ही कुठं जाणार आहोत हे एस्टीत बसल्यावर कंडक्टरच्या तोंडून कळायचं.

हे खूळ आधीपासून नव्हतं म्हणे. मी चार वर्षांची असताना मळा असा लागला होता की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. नानांनी एका संध्याकाळी ओट्यावर बसून मामांना सांगितलं, "औंदा धाबं काढून स्लॅब टाकू." दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. अर्ध्या तासात सगळी बाग आडवी. मला त्यातलं एवढंच आठवतं, की नाना बागेच्या तोंडाशी उकिडवे बसले होते आणि माय त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तेव्हापासून घरात त्या वाऱ्यापेक्षा त्या वाक्याचीच जास्त भीती. मातीच्या छपराचं ते धाब्याचं घर तसंच राहिलं, आणि खरं सांगते, उन्हाळ्यात ते इतकं गार असायचं की स्लॅबची आठवण कुणाला आली नाही. मी पुढं जळगावात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये उभं आयुष्य काढलं. रिपोर्टच्या खिडकीशी लोक विचारायचे, ताई, काही वाईट तर निघणार नाही ना? माझ्या तोंडून पटकन 'पाहू' निघायचं. बाप कुठं जातो!

तर अशा घरातली मी सातवीत गेले आणि इंग्रजीच्या सरांनी भविष्यकाळ काढला. सर जळगावहून सायकलवर यायचे. पँटचा उजवा पाय चेनमध्ये अडकू नये म्हणून त्याला त्यांनी कपड्याचा चिमटा लावलेला असायचा आणि वर्गातही तो तसाच राहायचा. फळ्यावर मोठ्या अक्षरांत तक्ता काढून ते आमच्याकडून घोकून घेत: आय शॅल, वुई शॅल, बाकी सगळ्यांना विल! चाळीस पोरं एका सुरात ओरडली की शेजारच्या चौथीच्या वर्गातले पाढे बंद पडायचे. "पोरांनो, भविष्यकाळासारखं सोपं काही नाही," सर म्हणायचे. "वर्तमानकाळात एस लावा, भूतकाळात ईडी लावा, गो चं वेंट करा, कटकटी. इथं क्रियापदाला हातसुद्धा लावायचा नाही. नुसतं त्याच्यापुढं विल ठेवायचं. नकार पाहिजे असला तर विल नॉट. संपलं!" आमच्या बोलीत मी जाईन आणि तो बी जाईन, दोघांना एकच रूप. त्यामुळे इंग्रजांनी शॅल आणि विल असे दोन वेगळे कशाला केले ते मला समजायचं नाही, पण घोकायला मजा यायची. विहिरीवर जाताना, शेंगा फोडताना, वेणी घालून घेताना मी तो तक्ता म्हणायची. माय म्हणायची, पोरीले वारं लागलं.

मग सरांनी गृहपाठ दिला. आधी दिला होता तेव्हा चाळीसच्या चाळीस वह्यांत गाईडमधली तीच वाक्यं आली होती, द ट्रेन विल अराइव्ह अ‍ॅट फाइव्ह. सर चिडले. असोद्याच्या पोरांना कसली ट्रेन नि कसले पाच? आता प्रत्येकानं आपल्या घराबद्दल लिहायचं, पुढच्या वर्षभरात आपल्या घरी काय काय होईल, पंधरा वाक्यं, आणि खरी. ज्याची वाक्यं दुसऱ्याशी जुळतील त्यानं मैदानाला पाच चकरा मारायच्या. बाकीची पोरं खूश झाली. मी मात्र घरापर्यंत पाय ओढत गेले. आमच्या घरून मी पंधरा वाक्यं कुठून आणू?

संध्याकाळी माय चुलीपुढं होती. तव्यावर भाकरी, वैलावर शेवेच्या भाजीचा रस्सा रटरटत होता, आणि नाना भिंतीला पाठ लावून दोराला पीळ घालत बसले होते. मी वही उघडून विचारलं, "माय, पुढच्या वर्षी आपल्या घरी काय होईन?"

मायचा हात भाकरीवरच थांबला. "काय इचारते पोरगी दिवे लागनीच्या टायमाले! थू थू म्हन आधी."

"सरांनी सांगितलं. पंधरा वाक्यं पायजे."

"तुह्या सरले सांग, आमच्या घरी असं कोनी बोलत नही."

मी नानांकडे वळले. नानांनी दोराकडे बघत बराच विचार केला आणि मला विचारलं, "पाहू, असं इंग्रजीत म्हनता येते का?"

येतं की! वुई शॅल सी. मी ते ठळक अक्षरात पहिलं वाक्य म्हणून लिहिलं. मग नानांच्या लेखी ज्यात काही धोका नव्हता अशी दहा वाक्यं त्यांनी मोठ्या कष्टानं काढून दिली. सूर्य उगवेल. गाय चारा खाईल. माय भाकरी करेल. बैल पाणी पितील. हे सांगतानाही प्रत्येक वाक्यानंतर ते चुलीजवळच्या लाकडावर बोटानं ठकठक करत होते. अकरा झाली, आणि गाडी अडली.

अक्का तोवर मागच्या पडवीत तुरीच्या शेंगा सोलत होती. अक्का आदल्याच वर्षी जळगावच्या कॉलेजातून बारावी झाली होती आणि पहिल्या वर्गात आली होती. आमच्या भाऊबंदकीत तेवढे मार्क कुणी पोरग्यानंही काढले नव्हते. तिला डी.एड. करायचं होतं, धुळ्याला. तिथं मुलींचं वसतिगृह होतं, दोन वर्षांचा कोर्स आणि मग शाळेत नोकरी. मेमध्ये तिनं नानांना विचारलं, नाना, फॉर्म भरू का? नाना म्हणाले, पाहू. जूनमध्ये विचारलं, पाहू. फॉर्मची तारीख पाहू-पाहूतच निघून गेली आणि अक्का घरी बसली. नानांनी तिला कधी 'नाही' म्हटलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. पण पोरीचं एक वर्ष गेलं ते गेलंच.

मी पडवीत जाऊन तिच्याजवळ बसले. तिनं शेंगा सोलता सोलताच विचारलं, "किती राह्यले?"

"चार."

"लिही." आणि तिनं मला हळू आवाजात, पण एकदाही न अडखळता चार वाक्यं सांगितली, ती सरळ इंग्रजीतच. माय सिस्टर विल गो टु धुळे. शी विल बिकम अ टीचर. शी विल नॉट मॅरी धिस इयर. चौथ्याला ती थोडी थांबली. मग म्हणाली, शी विल टेल नाना.

मी घाबरून आत पाहिलं. अक्का हसली. "तुही वही कोन वाचते घरात? इंग्रजीत हाये, कुलपात हाये." मलाही ते पटलं. मायला अक्षरओळख नव्हती आणि नानांना मराठी पेपर वाचता येई तेवढंच. सरांनी त्या पंधरा वाक्यांना पंधरा बरोबरच्या खुणा केल्या, खाली 'गुड' लिहिलं आणि वही फिरवून सगळ्या वर्गाला दाखवली. नानांना मी ती लाल अक्षरं दाखवली. त्यांनी वही हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते की आमची बेबी इंग्रजी लिहिते. झालेल्या गोष्टीची बढाई मारायला नानांच्या नियमात बंदी नव्हती.

थंडी पडली की आमच्याकडे मळ्यात भरताचं जेवण असतं. आता ते हॉटेलात पाटी लावून मिळतं, माझा नातू मोबाइलवर मागवतो आणि डबा येतो. त्याला मी काही बोलत नाही, पण ते भरीत नव्हे. भरीत करायचं तर आमच्या बांधावरची पांढुरकी हिरवी मोठी वांगी पाहिजेत, त्यांना तेलाचा हात फिरवायचा आणि कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करून त्यात भाजायची. काड्या तडतडतात, वांग्याची सालं फुटून सूं सूं आवाज येतो आणि धूर जाईल तिकडं माणसं जागा बदलत बसतात. मग सालं काढायची आणि लाकडाच्या बडगीत, म्हणजे होडीसारख्या कोरलेल्या लांब भांड्यात, भाजक्या हिरव्या मिरच्या आणि लसणासकट मुसळानं ठेचायचं. धप्‌, धप्‌, धप्‌. वर शेंगदाण्याची, खोबऱ्याची फोडणी, मूठभर कांद्याची पात. केळीच्या पानावर ते गरम भरीत आणि शेजारी कळण्याच्या पुऱ्या, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या. माझ्या जिभेला आजही त्या धुराची चव सापडते.

त्या वर्षी मायनं एका सकाळी सांगितलं, सावद्याकडचे पाहुणे येतात भरीत खायला. बस, एवढंच. पण अक्काला तिनं पोपटी साडी नेसायला लावली. धुरात बसायला नवी पोपटी साडी? मी लहान होते, पण खुळी नव्हते. आमच्या घरी स्थळ बघायचं असलं तरी 'बघायला येतात' म्हणत नसत. तसं म्हटलं की नाट लागली, आणि जमलं नाही तर गावात शोभा. म्हणून भरीत खायला या, असं बोलावणं जायचं. मुलाकडचे येत, भरीत खात, पिकापाण्याचं बोलत, मुलगी वाढायला येई तेवढी बघून घेत आणि निघून जात. पसंत असेल तर चार दिवसांनी तिकडून निरोप यायचा की आता आमच्याकडे भरीत खायला या. नसेल तर निरोपच नाही. सगळं कसं न बोलता.

अक्कानं साडी नेसली. मी तिला कुजबुजत विचारलं, "आता?" तर ती नुसती म्हणाली, "पाहू." तो शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

पाहुणे तिघं होते. मुलाचे वडील, मोठ्या पागोट्याचे, त्यांना सगळे भाऊ म्हणत. मुलगा स्वतः, सडपातळ, सबंध वेळ जाळाकडेच बघत होता. आणि मुलाची आत्या. पांढऱ्या साडीवर चॉकलेटी शाल, पेन खोचलेली पर्स. नानांनी तिला बाजेवर बसायला सांगितलं तेव्हा कळलं की ती धुळ्याला हायस्कूलमध्ये शिकवते. काय शिकवता, असं मायनं विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, इंग्रजी.

मी पटकन अक्काकडे पाहिलं. पण खरा घात व्हायचा होता तो पुढंच. इंग्रजीचं नाव ऐकताच नानांची छाती फुगली. "आमची धाकली बी इंग्रजी लिहिते. सरांनी बठ्ठ्या वर्गाले वही दाखवली. बेबी, पय, वही घेऊन ये."

घर काही लांब नव्हतं. मी जाताना मुद्दाम रमतगमत गेले, ठेच लागल्याचं सोंग करून वाटेत बसले, पण जाऊन जाऊन किती वेळ काढणार? वही आणली. वाटलं होतं, दुसरं पान दाखवू. पण नानांनी माझ्या हातातून वही घेतली आणि लाल अक्षरांचं पान, त्यांना नेमकं ठाऊक असलेलं, उघडून आत्याबाईंच्या हातात दिलं.

आत्याबाईंनी चष्मा लावला. पहिल्याच वाक्याला त्या हसल्या. मग त्यांचं बोट ओळीओळीनं खाली सरकू लागलं. अक्का पाच हातांवर पाठमोरी बसून बडगीत भरीत ठेचत होती. धप्‌, धप्‌. आत्याबाईंचं बोट बाराव्या ओळीवर थांबलं. तिथून ते हळूहळू शेवटापर्यंत गेलं. त्यांनी चष्म्यावरून एकदा अक्काच्या पाठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि वही मिटली. "अक्षर सुरेख आहे हो पोरीचं," त्या म्हणाल्या. "चला, भरीत गार होईल."

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण नाना कुठले ऐकायला! "नही नही, असं कसं? भाऊले बी कळलं पायजे. बेबी, तू वाच आन मराठीत सांग."

"राहू द्या हो, नंतर वाचेल," आत्याबाई म्हणाल्या.

"वाच न, लाजू नको."

मी वाचायला लागले. सूर्य उगवेल, गाय चारा खाईल, भाऊ मान डोलावत होते. बैल पाणी पितील. प्रत्येक वाक्याला नाना बाजेच्या लाकडावर बोटं वाजवत होते आणि कौतुकानं सगळ्यांकडे बघत होते. अकरावं झालं. मला खोटं सांगता आलं असतं. मांजर दूध पिईल, कोंबडी अंडी घालेल, कुणाला कळणार होतं? कळलं असतं ते एकट्या आत्याबाईंना, आणि त्या बोलल्या नसत्या. मी तोंड उघडलंही. पण बडगीचा आवाज थांबला होता. अक्का माझ्याकडे वळून पाहत होती, हातात मुसळ तसंच, कपाळावर राखेचा पट्टा.

"लिहिलंय ते सांग, बेबी," ती म्हणाली.

मी सांगितलं. माझी बहीण धुळ्याला जाईल. ती मास्तरीण होईल. ती यंदा लग्न करणार नाही. इथं मायच्या हातातली पुऱ्यांची परात कलली आणि दोन पुऱ्या मातीत पडल्या. शेवटचं वाक्य मी पाण्यात बुडल्यासारखं सांगितलं. ती नानांना सांगेल.

अक्कानं मुसळ बडगीत ठेवलं. पदरानं हात पुसले. "सांगतलं, नाना," ती म्हणाली.

विहिरीवरच्या मोटारीचा आवाज तेवढा चालू. नानांचा चेहरा आधी पांढरा आणि मग भाजल्या वांग्याच्या सालीसारखा काळा झाला. पाहुण्यांदेखत पोरीनं स्थळ नाकारलं! आमच्या लोकांत याहून मोठी बेअब्रू नव्हती. नाना उठायला लागले. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात भाऊंचा आवाज आला. भाऊ पुढ्यातल्या केळीच्या पानाकडे बघत, अगदी साध्या सुरात म्हणाले, "लगन? कोनाचं लगन? आमी तं भरीत खायले आलो बाप्पा. काबरं हो नाना, भरीताचंच बोलावनं होतं न?"

नाना उभ्याचे उभे राहिले. बोलावणं भरताचंच होतं. कुणी काही विचारलं नव्हतं, मग कुणी काही नाकारलंही नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या न बोलण्यापायी अक्काचं वर्ष वाया गेलं होतं त्यानंच त्या दुपारी आम्हा सगळ्यांना झाकून घेतलं. नाना खाली बसले. "व्हय," ते म्हणाले, "भरीताचंच."

"मंग वाढा लवकर. भूक लागली," भाऊ म्हणाले. तो मुलगा पहिल्यांदाच हसला. मला तर शंका आहे की सगळ्यांत हायसं त्यालाच वाटलं असावं. अक्कानं उठून वाढलं, तीच पोपटी साडी, तेच हात, आणि सगळे जेवले. मुलगा अकरा पुऱ्या जेवला. निघताना आत्याबाईंनी अक्काच्या पाठीवर हात ठेवला आणि नानांना म्हणाल्या, धुळ्याला आलात तर घरी या.

त्यानंतर नाना रागावले असं मी म्हणू शकत नाही. ते गप्प झाले. अक्काशी बोलत, पण कामापुरतं. माय अधूनमधून रडून घ्यायची आणि पुन्हा पीठ मळायला लागायची. मला वाटायचं, झालं, माझ्या वहीपायी सगळं घर बिघडलं. मी इंग्रजीचं पुस्तक उघडेनाशी झाले. एकदा रात्रीच्या जेवणाला नानांनी अक्काला विचारलं, "धुयाचं पानी कसं हाये, खारं का गोडं?" अक्का म्हणाली, मी कुठं धुळं पाहिलंय? नाना "हं" म्हणाले आणि भाकरी कुस्करू लागले. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, वारा त्या वर्षी आमच्या बागेला न शिवता गेला. निकालांच्या दिवसांत एका सकाळी नाना टोपी घालून निघाले. कुठं, ते आम्ही विचारलं नाही. संध्याकाळी परत आले आणि टोपी काढून तिच्यातला चौघडीचा कागद अक्कापुढं ठेवला. डी.एड.चा फॉर्म. पुढं आत्याबाईंकडून कळलं, की नाना त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले होते आणि म्हणाले होते, बाई, तुमी त्या दिवशी वही मिटली होती. आता काय करायचं ते बी सांगा.

यादीत अक्काचं नाव लागलं. तिला पोचवायला नाना आणि मी गेलो. ट्रंक, गादीची वळकटी, मायनं दिलेला लाडवांचा डबा. वसतिगृह शहराच्या जुन्या भागात होतं, दगडी भिंत, फाटकाशी कडुलिंब. रेक्टरबाई मोठी नोंदवही घेऊन बसल्या होत्या. नाव, गाव, पालक. मग एक रकाना आला: दिवाळीच्या सुट्टीत मुलीला न्यायला कोण येणार आणि कोणत्या दिवशी. पालकानं स्वतः लिहून सही करायची, त्याशिवाय मुलीला फाटकाबाहेर सोडत नसत.

नानांनी आभाळाकडे पाहिलं, पण वर छत होतं. उजव्या पायातली वहाण काढली. "पाहू," ते म्हणाले.

रेक्टरबाई हसल्या नाहीत. "पाहू असं नाही लिहिता येत, काका. मुलगी वाट बघते."

नानांनी पेन हातात घेतलं. अक्का दाराशी ट्रंकेवर बसली होती आणि फरशीकडे बघत होती. मला त्या मिनिटाला नानांची फार दया आली. आजही हे लिहिताना डोळे भरून येतात, इतका तो भाबडा माणूस त्या रकान्यापुढं एकटा पडला होता. मग त्यांनी वाकून, पेपरातल्यासारख्या एकेक सुट्ट्या अक्षरात लिहिलं: धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी. मी येईन. आणि सही केली. कुठल्याही लाकडावर त्यांनी बोट वाजवलं नाही.

अक्कानं पुढं पिंपळनेरकडच्या शाळांतून तीस-बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं, लग्न केलं ते तिच्या मनानं आणि उशिरानं, आणि आता तीही निवृत्त आहे. आम्ही दोघी भेटलो की ती त्या पहिल्या दिवाळीची हकिकत सांगते, मीच ऐकायला मागते. बुधवारी चारला वर्ग सुटून ती बाहेर आली तर फाटकाशी लिंबाखाली नाना. रिकाम्या पोत्यावर मांडी घालून, शेजारी पिशवी. पहारेकरीण मावशी त्यांना समजावत होती, "आज बुधवार शे, नाना. तुमना वार उद्या शे. आज पोर सोडता येत नही."

अक्का धावत गेली. "नाना, उद्या यायचं होतं न?"

"व्हय, उद्याच," नाना म्हणाले. "येईन म्हनलं होतं, आन एस्टी चुकली असती तं?"

त्या रात्री ते आत्याबाईंच्या ओट्यावर झोपले आणि गुरुवारी उजाडताना पुन्हा फाटकावर येऊन उभे राहिले.